वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर

जुबिलीच्या स्मरणिकेत बहुधा देवळाचे संस्थापक, उपकारकर्ते व दिवंगत पाळक यांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तशी ती या पुस्तकात अन्यत्र आहेतच. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा आपल्या धर्मग्रामाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तथापि चाकवत, माठ, मोरस अशा ज्या भाज्या आपल्या घरोघरी शिजतात, त्या या प्रांतात कोठे आपण होऊन उगवतात व कोठे पेरल्यावाचून उगवत नाहीत, याची नोंद ठेवण्यात ज्या मोजक्या पुरुषांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत या येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव आदराने घ्यावे लागते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियम हे नाव आपल्या पुष्कळ तरुणांनी ऐकलेले आहे; परंतु हे ब्लॅटर कोण, असे विचारता बहुतेक गप्प बसतात. शिवाय एक प्रश्न आम्हांस या ना त्या रूपाने नेहमी केला जातो : ज्याने आत्म्यांची काळजी वाहावयाची, त्या धर्मगुरूने शेतातील तण गोळा करीत हिंडावे काय? या प्रश्नावर वाद घालण्याची आमची इच्छा नाही. एका माणसाचे आयुष्य तेवढे वाचकांपुढे ठेवतो.

फादर ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंड देशातील सेंट गॅलन परगण्यात, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातील रेबस्टाईन या गावी झाला. १८९६ साली, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्यांनी येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला आणि त्याबरोबर मायदेशही सोडला. देश सोडावा लागण्याचे कारण आज अनेकांस ठाऊक नसेल. स्वित्झर्लंडमध्ये कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट परगण्यांत १८४७ साली यादवी युद्ध झाले, व त्यानंतर १८४८ साली जी राज्यघटना झाली तीत येशूसंघास त्या देशात मज्जाव करण्यात आला. हा मज्जाव पुढे शतकाहून अधिक काळ टिकला. १९७३ साली लोकांचा कौल घेऊन तो उठविण्यात आला. तेव्हा त्या काळच्या स्विस तरुणास येशूसंघीय होणे म्हणजे आपल्या गावाला, आईबापांना व डोंगरांना रामराम ठोकणेच होते. ज्याची स्वतःची भूमी अशी सुटली, त्याने पुढे तीस वर्षे परक्या भूमीतील प्रत्येक गवताचा ठावठिकाणा लिहून ठेवावा, यात आम्हांस काही अर्थ दिसतो. वाचकांस दिसेल न दिसेल.

१९०३ साली ते मुंबईस आले. मुंबईचे मिशन त्या काळी जर्मन येशूसंघीयांकडे होते, व त्यांनीच १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज स्थापन केले होते. याच १९०३ साली त्याच मिशनचे फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यात ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. एक जण खेड्यांतील नवख्रिस्ती बांधवांसाठी मराठी अक्षरांचे खिळे जुळवीत होता व दुसरा मुंबईच्या खाजणांत चिखल तुडवीत होता. दोघांचा संघ एक आणि दोघांची आज्ञाधारकतेची शपथही एकच. ब्लॅटर यांस तेव्हा गुरुदीक्षा मिळालेली नव्हती. येशूसंघाच्या रीतीप्रमाणे तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपल्यावर व धर्मशास्त्राच्या अभ्यासापूर्वी काही वर्षे शिकविण्याचे काम करावे लागते. त्या क्रमात त्यांच्या वाट्यास जीवशास्त्र आले.

तरुण ब्लॅटर यांची दृष्टी प्रथम समुद्रकाठाकडे वळली. १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील तिवरांच्या रानावर निबंध लिहिला. भरतीच्या खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभी राहणारी ही झाडे श्वास कशी घेतात, त्यांची पिले आईच्या अंगावरच कशी रुजतात, याचा विचार त्या काळी आपल्याकडे फार थोड्यांनी केला होता. लोक त्यांकडे सरपण म्हणून पाहत असत. १९०६ साली कॉलेजात शुष्क वनस्पतींचा संग्रह पद्धतशीरपणे जमविण्यास प्रारंभ झाला, तोच पुढे त्यांच्या नावाने प्रसिद्धीस आला.

हर्बेरियम म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आमच्या अनुभवाने सुशिक्षितांसही त्याची कल्पना नसते. झाडाची फांदी, पाने, फुले व साधल्यास मुळे एकत्र घेऊन टिपकागदांच्या थरांत दाबावयाची. कागद वारंवार बदलावयाचे, म्हणजे रस शोषला जाऊन झाड सपाट सुकते. मग किडींनी खाऊ नये म्हणून पाऱ्याच्या विषारी क्षाराचा लेप द्यावयाचा व एका जाड तावावर ते टाचावयाचे. कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. तीवर झाडाचे नाव, ते कोठे सापडले त्या गावाचे नाव, तारीख, जमीन कशी होती ती माहिती, व तोडणाऱ्याचे नाव. कोकणच्या पावसाळ्यात हे काम करणे म्हणजे ओल, बुरशी व कसर यांच्याशी रोजचा झगडा होय. झाड शंभर वर्षे टिकते. पण चिठ्ठी हरवली तर त्या झाडाची किंमत वैरणीच्या काडीइतकी उरते.

आता चाकवताचेच उदाहरण घेऊ. शास्त्रात त्याला चेनोपोडियम आल्बम म्हणतात, व हे नाव लिनीअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली दिले. चेनोपोडियम या ग्रीक शब्दाचा अर्थ हंसाचे पाऊल. पानाचा आकार तसा दिसतो म्हणून. आल्बम म्हणजे पांढरे. कोवळ्या पानांवर जी पिठासारखी भुकटी असते, तीवरून हे विशेषण आले. आपल्या देशावरच्या घरांत ताक घालून त्याची पातळ भाजी करतात. उत्तरेत त्यासच बथुआ म्हणतात, व तेथे गव्हाच्या शेतात ते पेरल्यावाचून इतके माजते की शेतकरी त्याला शिव्या देतो आणि त्याची बायको त्याच तणाची भाजी शिजवते. एका झाडाला हजारो काळ्या चकचकीत बिया येतात, व त्या मातीत वर्षानुवर्षे न कुजता पडून राहू शकतात.

असे झाड कोठे कोठे वन्य स्थितीत आहे, हे ठरविणे सोपे वाटते. पण तसे नाही. पहिली अडचण अशी की, वनस्पती गोळा करणारा मनुष्य दुर्मिळ आमरीचे फूल दिसले की दरीत उतरतो, आणि पायाखालचा चाकवत मात्र ओलांडून पुढे जातो. त्यामुळे जे सर्वत्र आहे त्याचेच कागद संग्रहात कमी असतात. एखाद्या तालुक्याचा एकही कागद नसला, तर तेथे झाड नव्हते की तेथे कोणी गेलाच नव्हता, हे कागदांच्या अभावावरून कळत नाही. दुसरी अडचण, मळ्यात पेरलेले रोप बांधाबाहेर निसटून रानटी झाल्यासारखे दिसते. तोडणाऱ्याने चिठ्ठीवर हे स्पष्ट लिहिले नाही तर मागाहून येणारा फसतो. तिसरी अडचण आमच्या भगिनींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. चाकवताच्या जवळच्या जाती पानांवरून नीट ओळखता येत नाहीत. एकाच झाडाची खालची व वरची पाने सारखी नसतात. खरी ओळख फुलांवरून व बीजाच्या कवचावरून पटते. भाजीसाठी मात्र आपण तो फुलण्यापूर्वीच खुडतो. स्वयंपाकघरातील चाकवत व शास्त्रज्ञाचा चाकवत यांची वये अशी वेगवेगळी असतात.

असे कागद पुरेसे जमले व गावांच्या नावांप्रमाणे मांडले, म्हणजे एक मोठी मौजेची गोष्ट नजरेस येते. चाकवताच्या कुळातील झाडांना खार आवडतो, किंवा निदान तो त्यांना सोसतो. म्हणून समुद्रकाठच्या खाजणांत मोरस भरपूर आढळते. ती चिरून उकडून पाणी ओतून टाकले तरी भाजीत मीठ घालावे लागत नाही. तेथून पूर्वेकडे जावे, तो सह्याद्रीच्या मुसळधार पावसाच्या दाट रानात हे कुळ जवळजवळ गैरहजर. घाट उतरून देशावर आले की थंडीच्या हंगामातील शेतांत चाकवत पुन्हा दिसतो; आणि पुढे कच्छ, सिंध व मारवाड येथे तर या कुळाचे राज्यच लागते. आजचे शास्त्र १९९८ पासून या कुळाची गणना माठ व राजगिरा यांच्या कुळातच करते. पालक व बीट हीही त्याच नात्यातील होत.

१९०९ साली धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी ब्लॅटर यूरोपास गेले, तेथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली, व १९१५ साली, महायुद्ध चालू असता, ते मुंबईस परतले. तो काळ मिशनवर मोठा कठीण होता. ज्या जर्मन धर्मगुरूंनी कॉलेज, शाळा व नगर जिल्ह्यातील मिशने उभारली होती, ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कित्येकांस अहमदनगरच्या छावणीत कोंडण्यात आले व पुढे मायदेशी धाडण्यात आले. वर्ग होते, पण शिकविणारे नव्हते. देवळे होती, पण मिस्सा करणारे नव्हते. आमच्या वडीलधाऱ्या धर्मगुरूंच्या तोंडून त्या दिवसांच्या आठवणी आम्ही सेमिनरीत ऐकल्या आहेत, व त्या सांगताना त्यांचा आवाज जड होत असे. ब्लॅटर हे तटस्थ स्वित्झर्लंडचे प्रजाजन होते. ज्या देशाने त्यांच्या संघाला दार बंद केले होते, त्याच देशाचे नागरिकत्व या प्रसंगी उपयोगी पडावे, ही परमेश्वरी योजना म्हणावी की इतिहासाची थट्टा?

त्या ओढाताणीच्या वर्षांतही त्यांचे वनस्पतींचे काम थांबले नाही. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात कर्नाटक, गुजरात व सिंध ही होतीच. शिवाय तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेले एडनही मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते. एडनच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९१४ ते १९१६ या काळात प्रसिद्ध झाला. नंतर आपले सहकारी हॉलबर्ग यांसह त्यांनी जोधपूर व जैसलमेर येथील वाळवंटाच्या वनस्पतींचे वर्णन १९१८ ते १९२१ या वर्षांत छापले. वाळूत झाड शोधीत हिंडणे, पाण्याची पखाल उंटावर व टिपकागदांचे गठ्ठे बगलेत, हे काम हौसेखातर कोणी करीत नाही. त्या प्रदेशात चाकवताच्या कुळातील लाणा नावाचे बिनपानाचे झुडूप आहे. दुष्काळात त्याचे बी बाजरीच्या पिठात मिसळून लोकांनी पोट जाळले आहे. याच कुळातील खाऱ्या झुडपांची राख करून सज्जीखार काढीत असत, आणि तोच खार आपल्याकडे पापडखार म्हणून पापडांत पडत असे. आपल्या आजीच्या पापडाच्या डब्यात सिंध-मारवाडचे वाळवंट असे येऊन बसले होते, हे तिला कोण सांगणार?

१९१९ ते १९२४ या काळात ते सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. प्रिन्सिपॉलच्या खुर्चीविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. ती खुर्ची पुष्कळांना मिळते. त्यांनी माणसे कशी तयार केली हे मात्र सांगितले पाहिजे. टी. एस. सबनीस यांनी वाळवंटातील वनस्पतींच्या अंतर्रचनेवर अभ्यासपूर्ण लेख लिहिले, आणि पुढे ब्लॅटर, चार्ल्स मॅककॅन व सबनीस अशा तिघांच्या नावाने सिंधू नदीच्या मुखाकडील वनस्पतींचे वर्णन १९२७ सालापासून प्रसिद्ध झाले. त्या काळी गोरा प्राध्यापक व त्याचा हिंदी सहकारी यांची नावे एका लेखावर येणे ही नित्याची गोष्ट नव्हती. कॉलेजातील मदतनिसाचे काम फक्त फांद्या वाहण्याचे, असे समजणारे विद्वान तेव्हा होते. आजही नाहीत असे नाही.

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत लिहिला होता. तो दुरुस्त करण्याचे काम ब्लॅटर व मॅककॅन यांनी १९२६ सालापासून हाती घेतले. दुरुस्ती म्हणजे येथे गावोगावच्या नोंदी ताडून पाहणे, चुकीची नावे काढणे, नवी ठिकाणे जोडणे. वाचकास हे लेख रुक्ष वाटतील : नाव, ठिकाण, तोडणाऱ्याचे नाव, पुन्हा ठिकाण, पुन्हा नाव. बाप्तिस्म्याच्या वहीत याहून काय असते? त्या वहीतील एका ओळीवरून मनुष्य आपले मूळ सिद्ध करतो, हे पाळकाचे काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. व त्या ओळीत तारीख चुकली तर किती घोळ होतो, हेही.

त्यांचे इतर ग्रंथ थोडक्यात सांगतो. १९२६ साली हिंदुस्थान व सिलोन येथील ताडवर्गावर, १९२७ पासून काश्मीरच्या सुंदर फुलांवर दोन भाग, अरबस्तानच्या वनस्पतींवर अनेक वर्षे चाललेला ग्रंथ, आणि अखेरीस फर्नांडिस यांसह वझिरीस्तानच्या वनस्पतींवर लेख. काश्मीरचे पुस्तक चित्रांमुळे लोकप्रिय झाले. आमच्या मते त्यांची खरी योग्यता मॅककॅन यांसह लिहिलेल्या मुंबई इलाख्यातील गवतांच्या ग्रंथात दिसते. गवताला रंगीत फूल नाही, वास नाही, लोकांचे कौतुक नाही. पण गुरे त्यावर जगतात व गुरांवर शेतकरी जगतो.

मराठी वाचकास विशेष जिव्हाळा वाटावा असे एक काम राहिले. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बसू यांसह हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. कीर्तिकर १९१७ साली वारले व ग्रंथ १९१८ साली बाहेर पडला. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १९३३ ते १९३५ या वर्षांत निघाली, ती तिघांनी संपादिली : फादर ब्लॅटर, येशूसंघाचेच फादर केयस, व डॉक्टर म्हसकर. कोणते मूळ कशावर चालते असे लोक म्हणतात, हे लिहून घेणे एक. ते झाड नेमके कोणते, हे ठरविणे दुसरे. आणि औषध खरोखर लागू पडते काय, हे तपासणे तिसरे. केयस व म्हसकर यांनी तत्पूर्वी मद्रास इलाख्यात अंकुशकृमीवरील औषधांची कसोशीने पाहणी केली होती. शेतात अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यातून शिरून त्याचे रक्त पिणारा हा कृमी. व त्यावर त्या काळी जगभर जी औषधे देत, त्यांत चाकवताच्या एका अमेरिकन भाईबंदाच्या बियांचे तेल प्रमुख होते. या तेलाची मात्रा थोडी अधिक झाली तर रोगीच दगावे. झाडाच्या नावात गल्लत झाली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. तण ओळखणे हे धर्मगुरूचे काम नव्हे असे म्हणणाऱ्यांनी त्या अनवाणी शेतकऱ्यास विचारून यावे.

१९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने योहानेस ब्र्यूल यांच्या स्मरणार्थ ठेवलेले पदक प्रथम त्यांसच दिले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षही होते. २६ मे १९३४ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे छपन्न. ज्या फादर डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ काढला, ते मधल्या काळात जपानात हिरोशिमा येथे जाऊन १९२७ साली परत आले होते व त्या समयी पुण्याच्या गादीवर बिशप होते. गवतांचा ग्रंथ १९३५ साली निघाला, अरबस्तानचा १९३६ साली पुरा झाला, व मिलार्ड यांच्यासह लिहिलेले आपल्या सुंदर वृक्षांवरील पुस्तक १९३७ साली. ही तिन्ही कामे पुरी झालेली त्यांनी पाहिली नाहीत.

त्यांच्या मागे संग्रहाची जोपासना फादर हर्मेनेगिल्ड संतापाव यांनी केली. हे स्पेन देशातील कॅटलोनियाचे. जन्म १९०३, म्हणजे ब्लॅटर मुंबईस आले त्या सालचा. १९२८ साली ते हिंदुस्थानात आले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली व पुरंदरावरील १९५८ साली निघाला. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५४ साली त्यांच्या हाती सबंध देशाच्या वनस्पतिपाहणी खात्याची सूत्रे दिली, व १९६७ साली पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १९७० साली ते मुंबईत निवर्तले.

कॉलेजातील तो संग्रह आज लाखाहून अधिक कागदांचा आहे. ज्या खाजणांत भराव पडून इमारती उभ्या राहिल्या, ज्या बांधांवरून आता मोटारीचे रस्ते गेले, तेथे एके काळी कोणते झाड होते याची साक्ष देण्यास पुष्कळदा असा कागदच काय तो उरतो. आपल्या धर्मग्रामातील विद्यार्थ्यांपैकी कोणास तेथे जाऊन अभ्यास करावयाचा असेल, तर त्याने अगोदर कॉलेजाकडून परवानगी मिळवावी. आणि आपल्या शेतातला चाकवत ओळखून घेण्यासाठी न्यावयाचा असेल, तर भाजीची कोवळी जुडी नेऊ नये. फुलाबियांवर आलेले झाड मुळासकट न्यावे, व कोणत्या गावी, कोणत्या दिवशी उपटले ते त्याच दिवशी कागदावर लिहून सोबत ठेवावे.